मैदानातून माइककडे : सामन्याच्या दिवशीचा दिनक्रम

सकाळी ६.००

सामना रात्री आठचा असला तरी माझं काम सकाळी सहाला मंडळाच्या मैदानावर सुरू होतं. थोडं धावणं, बैठका, खांदे मोकळे करणं, आणि मग मुलींच्या सरावाला उभं राहणं. मी आता स्पर्धा खेळत नाही. टीव्हीवर कबड्डीचं मराठी समालोचन करते. पण जी माणसं कबड्डी फक्त पडद्यावर बघतात, त्यांची नजर हळूहळू कॅमेऱ्याची होते. कॅमेरा चढाईपटूच्या चेहऱ्यावर जातो आणि आपणही चेहराच बघायला लागतो. खरा खेळ पायांत असतो.

आज डाव्या कोपऱ्यात नवी मुलगी होती. चांगली चपळ, पण नजर समोरच्या खेळाडूच्या हातांवर. तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हात फसवतात गं, मागचा पाय बघ." बोनस घ्यायचा तर चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकावा लागतो आणि त्या वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे क्षणभर सगळं अंग एकाच पायावर. कोपरारक्षकाला पट काढायचा असतो तो त्या क्षणी, त्याच पायाचा घोटा धरून. अर्धा सेकंद आधी झेप घेतली तर चढाईपटू सावध होतो, उशीर झाला तर तो गुण घेऊन निघून गेलेला असतो. तीन-चार वेळा तिचा हात मोकळाच गेला. मग एकदा घोटा हातात आला आणि तिचं तिलाच कळलं. संध्याकाळी प्रेक्षकांना मला हेच सांगायचं असतं, फक्त दहा शब्दांत.

सकाळी ८.१५

लोकलमध्ये जागा मिळाली की वही उघडते. दोन्ही संघांचे पहिले सात, राखीव खेळाडू, गेल्या काही सामन्यांत दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईला कोण गेला, कोण दुखापतीतून परत येतोय. त्यानंतर नावांचे उच्चार. हरयाणातली, तमिळनाडूतली, इराणची नावं आपल्या जिभेला सरावाची नसतात. फझल अत्राचली किंवा मोहम्मदरेझा शादलू यांच्यासारख्या खेळाडूचं नाव आपण सामन्यात वीस वेळा घेणार असू, तर ते नीट घेतलंच पाहिजे. शंका असली की संघाच्या व्यवस्थापकाला फोन करून विचारते. आपण खेळत होतो तेव्हा जिल्ह्याबाहेर कोणी आपलं नाव चुकीचं पुकारलं की किती लागायचं, हे मी विसरलेले नाही.

मराठी पेपरांची क्रीडा पानंही याच वेळी वाचते. शब्दांसाठी ती वाचावी लागतात. 'सुपर टॅकल'ला आपल्या पत्रकारांनी 'अव्वल पकड' रुळवलं, 'ऑल आउट'ला आपल्याकडे आधीपासून 'लोण' होतंच. निदानरेषा, मध्यरेषा, कोपरारक्षक, मध्यरक्षक हे शब्द मैदानावर तयार झाले आणि मैदानावरच टिकले. समालोचकाने ते वापरले नाहीत तर पुढच्या पिढीच्या कानांवर ते पडणार कुठून?

सकाळी १०.३०

ऑफिस. आज सामना दुसऱ्या शहरात आहे आणि आम्ही समालोचन मुंबईच्या स्टुडिओतून करणार आहोत. समोर पडदे, कानात प्रेक्षकांचा आवाज. प्रत्येक भाषेची समालोचनाची टीम गावोगाव नेणं महाग पडतं, म्हणून बरंच काम असं स्टुडिओतून चालतं. घरी बसलेल्याला हा फरक कळू नये, ही आमची जबाबदारी.

संशोधनाचं टेबल म्हणजे आमचा कणा. तिथे बसलेली मुलं प्रत्येक चढाईची नोंद करतात: कोण गेलं, किती सेकंद राहिलं, स्पर्श हाताचा की पायाचा, पकड कोणत्या बाजूला झाली. मीही याच टेबलापासून सुरुवात केली. या नोंदींतून आज एक गोष्ट हाती लागली. पाहुण्या संघाचा मुख्य चढाईपटू दमला की उजवीकडेच वळतो. आकडा वहीत लिहिला आणि त्याचं कारण शोधायला जुनं चित्रण लावलं. डावा पाय टेकताना तो जरा आखडतोय. आता ते वाक्य माझं झालं. आकडा कोणीही वाचून दाखवील. खेळाडूने त्यामागचं शरीर दाखवावं.

दुपारी १२.००

निर्मितीची बैठक. दिग्दर्शक सर, निर्माती, ग्राफिक्सवाले, रिप्लेवाले, निवेदक आणि आम्ही समालोचक. सामन्याआधीच्या कार्यक्रमाचा रनडाऊन मिनिटामिनिटाला ठरतो. मी एकच मागणी लावून धरली: बोनसच्या प्रत्येक वादग्रस्त चढाईला पायांचा जवळचा रिप्ले हवा. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, प्रत्येक वेळी वेळ नाही मिळणार." ते बरोबरच आहे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे बोलायला वेळ असतो. कबड्डीत एक चढाई संपली की पाच सेकंदांच्या आत पुढचा चढाईपटू निघावा लागतो, आणि चढाई असते फक्त तीस सेकंदांची. रिप्ले दाखवायचा तर चालू खेळाचे सेकंद त्यावर खर्च होतात. शेवटी ठरलं की निर्णायक गुणाला पाय दिसतील आणि एरवी मी शब्दांनी दाखवीन.

दुपारी १.३०

डबा. माझ्यासोबत जेवायला कॉलेजातून आलेली प्रशिक्षणार्थी मुलगी असते. स्वतः खो-खो खेळलेली. तिचा रोजचा प्रश्न: "ताई, पडद्यावर यायला किती वर्षं लागतात?"

मग तिला माझा रस्ता सांगावा लागतो. मी कॉलेजात होते तेव्हा, २६ जुलै २०१४ ला, वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स. जो खेळ आम्ही लाल मातीत, दिव्यांच्या माळांखाली खेळत होतो, तो अचानक रोज रात्री घराघरांत दिसायला लागला. त्याआधी २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला होता. त्या संघात आपल्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. आम्हा मुलींना वाटलं, आता आपलीही लीग येणार. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत महिलांची तीन संघांची स्पर्धा झाली. स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला अंतिम सामन्यात २४-२३ असं एका गुणाने हरवलं. एवढा चुरशीचा सामना टीव्हीवर दिसूनही ती स्पर्धा पुढे चालू राहिली नाही.

कॉलेजात दिवस दोन तुकड्यांत असायचा: पहाटे सराव, मग लेक्चर. विद्यापीठाचा संघ, राज्यातल्या विद्यापीठांची 'अश्वमेध' स्पर्धा, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथवर पोहोचले. पुढे भारतीय संघाचं दार माझ्यासाठी उघडलं नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेचे आणि कंपन्यांचे संघ आहेत, आणि त्या आधारावर कितीतरी घरं उभी राहिली आहेत. पण मुलींच्या जागा थोड्या आणि रांग मोठी. माझ्या हाती एक गोष्ट होती. कॉलेजातल्या आमच्या बाईंनी पदवी सोडू दिली नव्हती. मराठी आणि जनसंज्ञापन हे विषय घेऊन मी बी.ए. पूर्ण केलं होतं. म्हणून एका प्रसारण कंपनीत आकड्यांच्या टेबलावर काम मिळालं. तिथून समालोचकाच्या शेजारी बसून खेळाडू ओळखून चिठ्ठी सरकवायचं काम, आणि मग आवाजाची चाचणी. चाचणीत जुना सामना आवाज बंद करून लावतात आणि बोलायला सांगतात. मी चढाई संपल्यावर नव्हे, सुरू होतानाच सांगत गेले: आता बचावाची साखळी उजवीकडून बंद होणार, आता मध्यरक्षक पुढे येणार. खेळलेल्या माणसाला हे आधी दिसतं. मला काम मिळालं ते त्या दिसण्याला शब्द होते म्हणून.

तिला मी रॉबिन रॉबर्ट्स यांचंही सांगते. अमेरिकेत साउथईस्टर्न लुइझियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या त्या अव्वल खेळाडू. १९८३ मध्ये संज्ञापनाची पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि मिसिसिपीतल्या हॅटिसबर्ग या छोट्या शहरात शनिवार-रविवारच्या क्रीडा बातम्या द्यायला लागल्या. तिथून बिलॉक्सी, नॅशव्हिल, अटलांटा अशी एकेक पायरी चढत १९९० मध्ये ईएसपीएनवर, आणि २००५ मध्ये 'गुड मॉर्निंग अमेरिका'च्या सहनिवेदिका म्हणून. मोठ्या पडद्याआधी छोट्या शहरांत घालवलेली ती वर्षं म्हणजेच त्यांचा सराव. आपल्याकडचं उलट दिशेचं उदाहरणही आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये केदार जाधव मराठी समालोचन करत होता. बेंगळुरूच्या संघातला डेव्हिड विली जखमी झाला आणि केदारला माइक ठेवून थेट संघात जावं लागलं. खेळ आणि बोलणं यांत भिंत नाही, हे तिला यातून कळावं एवढंच.

दुपारी ३.००

एडिट रूम. आज एक छोटी फिल्म करायची आहे: लॉबीचा नियम. मॅटच्या दोन्ही कडांना असलेला हा पट्टा झटापट झाल्याशिवाय खेळात धरला जात नाही. चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला तर तो बाद. पण त्याच्या मागे लॉबीत धावलेल्या बचावपटूंचं काय? इथेच जुना नियम आणि नवा नियम वेगळं बोलतात.

हे प्रेक्षकांना समजावायचं तर ७ ऑक्टोबर २०२३ चा हांगझोऊचा सामना दाखवण्यावाचून पर्याय नाही. आशियाई खेळांचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २८-२८ अशी बरोबरी, सामन्याची अखेर, पवन सेहरावतची तिसरी चढाई, म्हणजे गुण आणला नाही तर तो स्वतः बाद. पवन स्पर्श न होता लॉबीत गेला, इराणचे बचावपटू त्याच्या मागे. पंचांचा निर्णय एकदा एक, मग दुसरा. दोन्ही संघ मॅटवर, प्रशिक्षक कडेला, खेळ जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारताला तीन आणि इराणला एक गुण मिळाला, आणि भारताने ३३-२९ असा सामना जिंकला. त्याच दिवशी आपल्या महिलांनीही चायनीज तैपेईवर २६-२५ असा विजय मिळवून सुवर्ण घेतलं होतं.

त्या तासाभरात घरोघरी माणसं एकच विचारत होती: "नक्की झालं काय?" अशा वेळी नियम माहीत असलेला आणि शांतपणे सांगणारा माणूस माइकवर हवा. संकलक दादांना मी पवनचा पाय रेषेवर जातो त्या चौकटीवर चित्र थांबवायला सांगितलं, मग इराणी खेळाडूचा पाय. या दोन चौकटींत नियम संपतो. बाकीचं नाट्य आम्ही कापलं. फिल्म पंचेचाळीस सेकंदांत बसली.

सायंकाळी ५.००

मेकअप आणि कपडे. इथे मुलींना जे ऐकावं लागतं ते लिहायलाच हवं. माझे खांदे रुंद आहेत, कोपरावर मॅटने घासल्याचे वण आहेत. सुरुवातीला एका ठिकाणी मला ते झाकायला सांगितलं होतं. आता मी झाकत नाही. हे खांदे पकडीने घडलेले आहेत आणि कबड्डी सांगणाऱ्या बाईचे खांदे असेच असणार. मेकअपवाल्या मावशी आता विचारतही नाहीत. त्या फक्त दिव्यांची चमक मारायला पावडर लावतात.

आवाजाची तयारी मात्र रोज नेमाने. कोमट पाणी, ओठ-जिभेचे व्यायाम, मोठ्याने वाचन. खेळताना 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम टिकवायची सवय इथे उपयोगी पडते: एका श्वासात पूर्ण वाक्य, आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडू न देणं.

सायंकाळी ६.३०

स्टुडिओत तालीम. कॉलरला माइक, कानात टॉकबॅक. कानात दिग्दर्शकाचा आवाज सतत चालू असतो: "रिप्ले तयार आहे," "ब्रेकला वीस सेकंद," "ग्राफिक येतंय." आणि त्याच वेळी आपण बोलत असतो. पहिल्यांदा हे अशक्य वाटतं. मला त्यातल्या त्यात लवकर जमलं ते मैदानामुळे. चढाई चालू असताना बाहेरून प्रशिक्षक ओरडतात, मागून कर्णधार बोलते, प्रेक्षक गोंगाट करतात, आणि आपल्याला त्यातलं कामाचं तेवढंच ऐकायचं असतं.

मी दोन पडदे मागून घेते. एकावर प्रेक्षकांना दिसतं ते चित्र, दुसऱ्यावर अख्खं मॅट दाखवणारा रुंद कॅमेरा. माझी नजर दुसऱ्यावर जास्त. चढाईपटूच्या पाठीमागे बचावाची साखळी कशी वळतेय, ते तिथेच कळतं.

रात्री ८.००

सामना. आम्ही दोघं. सहकारी चढाई सांगतो, मी कारण सांगते. तो म्हणतो, "गेला, बोनसचा प्रयत्न, आणि पकडला!" माझ्याकडे पाच सेकंद: "मागचा पाय हवेत असतानाच डाव्या कोपऱ्याने घोटा धरला." बस. पुढची चढाई निघालेली असते. यापेक्षा जास्त बोलले तर प्रेक्षकाचा पुढचा गुण मी खाल्ला असं होतं.

मध्यंतराला फिल्म गेली. दुसऱ्या डावात पाहुण्यांचा मुख्य चढाईपटू दमायला लागला. सकाळी वहीत लिहिलेलं वाक्य मी तोवर राखून ठेवलं होतं. त्याच्या चढाईआधी म्हटलं, "त्याच्या उजवीकडच्या कोपऱ्याने तयार राहावं." तो उजवीकडेच वळला आणि पकड झाली. बचावात तिघंच उरले होते, म्हणजे अव्वल पकड, दोन गुण. स्टुडिओत टाळ्या वाजल्या. त्यात भाकिताची जादू काही नाही. ती नोंदींच्या टेबलावरच्या मुलांची आणि सकाळच्या मैदानाची कमाई.

शेवटच्या मिनिटाला दोन गुणांचं अंतर. इथे मी गप्प बसते. प्रेक्षकांचा आवाज, चढाईपटूचा दम, घड्याळ, एवढं पुरेसं असतं.

रात्री ९.०० ते १०.३०

दुसरा सामना आणि नंतरचा विश्लेषणाचा कार्यक्रम. एकतर्फी सामना बोलायला अवघड. लोण पडला की प्रेक्षक चॅनल बदलतो. अशा वेळी मी हरणाऱ्या संघातल्या एका बदली खेळाडूकडे लक्ष वेधते. आज एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा शेवटच्या काही मिनिटांसाठी आला, संघ हरलेला, तरी त्याने मध्यरेषेजवळ येऊन नेटाने दोन ब्लॉक केले. त्याचं नाव, गाव, पहिलं मंडळ मी सांगितलं. त्याच्या घरी आज कोणीतरी टीव्हीसमोर बसलं असणार. हरलेल्या संघातल्या नवख्याचं नाव नीट घेतलं जावं, ही समालोचकाची खेळाडूप्रती जबाबदारी आहे असं मी मानते.

रात्री ११.१५

निघण्याआधी उद्याचा कागद. आजचं चित्रण ऐकून कुठे शब्द लांबले, कुठे सहकाऱ्याच्या बोलण्यावर माझं बोलणं आलं, त्याच्या खुणा करते. प्रशिक्षणार्थी मुलीने आज खो-खोच्या एका सामन्याचा आवाज बंद करून पाच मिनिटं समालोचन केलं. उद्या ते आम्ही दोघी ऐकू. खांबावरच्या हुलकावणीचं तिने फार नेमकं वर्णन केलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्याच कर्णधारांसह. हा खेळ टीव्हीवर वाढणार, आणि तो सांगायला तो खेळलेली माणसं लागणार.

म्हणून एक विनंती. कॉलेजांच्या क्रीडा संचालकांनी आपल्या खेळाडूंना लेक्चर बुडवायची सवलत देऊन थांबू नये. त्यांचा अभ्यास भरून काढायची सोय करावी. आंतरमहाविद्यालयीन सामन्याचं चित्रण मोबाइलवर करावं आणि संघातल्याच मुला-मुलींना त्यावर मराठीत बोलायला लावावं. याला पैसा लागत नाही. आणि ज्या मुली आज पहाटे कुठल्यातरी मैदानावर पट काढायला शिकतायत, त्यांनी पदवी पूर्ण करावी, वाचावं, मोठ्याने बोलावं, आणि आपल्या खेळाचे शब्द जपून ठेवावेत. भारतीय संघाची जर्सी मोजक्याच जणींना मिळते. खेळ समजलेली आणि तो नीट सांगता येणारी माणसं मात्र टीव्हीला रोज हवी असतात, आणि ती जागा खेळाडूंनी स्वतः भरावी.